दुपारचे श्वास

माझा धाकटा भाऊ घोरतो, हे आमच्या घरात कुणाला दुखणं वाटलंच नव्हतं. लग्नकार्यात त्याचं अंथरूण मुद्दाम शेवटच्या खोलीत टाकायचे आणि सकाळी चहाच्या वेळी सगळे मिळून त्याची नक्कल करायचे. माझी नक्कल सगळ्यांत चांगली जमते असं म्हणायचे. घोरता घोरता तो मध्येच एकदम गप्प व्हायचा आणि मग मोठा हिसका देऊन पुन्हा सुरू व्हायचा. ती मधली गप्प जागा मी फार छान धरायचे. सगळे पोट धरून हसायचे. आता आठवलं की स्वतःच्याच दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटतं. त्या गप्प जागेत त्याचा श्वास बंद पडलेला असायचा.

तो अमरावतीत असतो, मी अकोल्यात. मी शाळेत गणित शिकवलं आणि आता निवृत्त आहे. तो एका ठेकेदाराची बस चालवतो. वलगावकडची आणि शहरातली माणसं गोळा करायची, नांदगाव पेठेतल्या कापडाच्या कारखान्यांत सोडायची आणि पाळी सुटली की परत आणायची. पन्नास माणसं, त्यांत निम्म्याहून जास्त बाया. बावीस वर्षांत त्याच्या गाडीचा आरसासुद्धा फुटला नव्हता. यंदा फेब्रुवारीत एका सकाळी, उजाडता उजाडता, वलगावच्या रस्त्यावर त्याचा डोळा लागला. बस रस्ता सोडून अलगद शेजारच्या वावरात उतरली. हरभरा निघून गेलेला होता, जमीन रिकामी होती, बस काळ्या मातीत रुतून उभी राहिली. एका बाईचा डबा सांडला, बाकी कुणाला खरचटलंही नाही. त्या बाईने डबा सांडला म्हणून याला भरपूर शिव्या घातल्या, आणि मग याचा चेहरा पाहून स्वतःजवळचं पाणी पाजलं.

ठेकेदार माणूस बरा. त्याने आरडाओरडा केला नाही. डॉक्टरचा कागद आण, मग स्टेअरिंगला हात लाव, एवढंच म्हणाला.

डॉक्टरांनी त्याला एक रात्र अंगभर तारा लावून झोपवलं. झोपेत त्याचा घसा मिटत होता, तासाला चाळीस-चाळीस वेळा. प्रत्येक वेळी मेंदू त्याला अर्धवट उठवायचा, श्वास घ्यायला लावायचा आणि पुन्हा झोपवायचा. सकाळी याला त्यातलं काही आठवायचं नाही. रात्रभर विहीर खणून आलेला माणूस दिवसा बस चालवत होता. डॉक्टरांनी यंत्र दिलं. नाकावर मास्क, मास्कला नळी, नळीच्या दुसऱ्या टोकाला वहीएवढं यंत्र. ते हवेचा हलका जोर देऊन घसा उघडा ठेवतं. डॉक्टर म्हणाले, तीन महिने रोज किमान पाच तास लावा. यंत्रात एक कार्ड आहे, त्यात सगळं उमटतं; तासांचा आकडा तेवढा आम्हाला इथेही कळत राहतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात कार्ड घेऊन या. तास पूर्ण असले आणि श्वास अडणं थांबलेलं असलं तर मी गाडी चालवायला योग्य म्हणून लिहून देईन.

म्हणजे दोन आकडे. किती तास आणि किती अडथळे. या दोन आकड्यांवर पन्नास माणसं गाडीत बसणार. मला ते पटलं नाही. उत्तर बरोबर आलं म्हणून मी जन्मात कधी कुणाला पूर्ण गुण दिले नाहीत. पायऱ्या दाखवा, मग बघू. मी भावाला फोन केला आणि म्हटलं, ते कार्ड माझ्याकडे पाठव.

"तुले काय समजते त्यातलं?" तो म्हणाला.

"समजून घेईन. तू पाठव."

आमच्याकडे अमरावती-अकोला अशी वस्तू पाठवायची तर ओळखीच्या ड्रायव्हरच्या हाती द्यायची. अंबाडीची भाजी, पापड, विसरलेला चष्मा, सगळं असंच जातं-येतं, आणि भाऊ स्वतः ड्रायव्हर असल्यामुळे त्याच्या ओळखी दांडग्या. नखाएवढं ते कार्ड लग्नपत्रिकेच्या तुकड्यात गुंडाळून, दोरा बांधून माझ्यापर्यंत आलं. मग आम्ही दोन कार्डं केली. एक यंत्रात असायचं, एक प्रवासात.

इंटरनेटवर एक फुकटचा प्रोग्राम मिळाला. जगभरची माणसं आपापल्या श्वासाचे आलेख त्यात बघतात आणि एकमेकांना प्रश्न विचारतात. माझ्या जुन्या लॅपटॉपवर तो बसवायला मला चार दिवस लागले आणि त्या चार दिवसांत मी घरातल्या प्रत्येक वस्तूवर ओरडले. पाचव्या दिवशी सकाळी मार्चमधली एक रात्र पडद्यावर उघडली.

आधी नुसता एक निळा पट्टा दिसला, रंगाचा ब्रश ओढल्यासारखा. मी तो मोठा करत गेले. तास मोठा केला, मग दहा मिनिटं, मग एक मिनिट. आणि पट्टा सुटा झाला. रेघ वर जात होती, गोल होऊन खाली येत होती, मधली आडवी रेषा ओलांडून खाली उतरत होती आणि सावकाश परत वर येत होती. वरची टेकडी म्हणजे आत घेतलेला श्वास, खालचा खळगा म्हणजे सोडलेला. एका मिनिटात बारा टेकड्या. मी बोटाने मोजल्या. हा माझा भाऊ होता, कुठल्या तरी रात्री अडीच वाजता, जेव्हा त्याला स्वतःलाही आपण आहोत हे ठाऊक नव्हतं.

मी हात मांडीवर ठेवून नुसती बसून राहिले. तीस वर्षं मी फळ्यावर आलेख काढले. पावसाचे काढले, लोकसंख्येचे काढले, रेल्वेच्या वेगाचे काढले. माणसाचा जीव असा रेघेवर चाललेला मी कधी पाहिला नव्हता. सात तास झोप, मिनिटाला बारा, म्हणजे पाच हजार चाळीस श्वास. एकूण एक श्वास तिथे होता. कुठलाही काढून बघता येत होता. तीन वाजून सोळा मिनिटांनी घेतलेला श्वास बघायचा आहे? घ्या बघा.

मग मला वेळांचा नाद लागला. प्रत्येक श्वासाशेजारी प्रोग्राम दोन वेळा दाखवायचा, आत घ्यायला लागलेली आणि सोडायला लागलेली. भावाच्या शांत झोपेत आत घ्यायला एक पूर्णांक सहा सेकंद आणि सोडायला तीन पूर्णांक चार. घेणं लगबगीचं, सोडणं निवांत. यंत्रालाही ते कळत असतं. तो श्वास सोडू लागला की ते आपला जोर क्षणभर कमी करतं, म्हणजे त्याला हवेशी भांडावं लागू नये. हे मला कळलं त्या दिवशी मी त्या यंत्राला मनातल्या मनात नमस्कार केला. मी देवघरापुढेही इतक्या सहज हात जोडत नाही. नंतर मी घड्याळ घेऊन स्वतःचे श्वास मोजायला बसले, पण मोजायला लागलं की श्वास बिघडतो. आपला खरा श्वास आपल्याला कधी दिसत नाही, तो दुसऱ्याच कुणाला तरी दिसतो.

मार्चच्या शेवटापर्यंत सगळं छान होतं. रोज सात तास, स्वच्छ रेघ. त्यानंतर काहीतरी बिघडलं. रात्र चढत गेली की रेघेवर बारीक बारीक काटे उगवायचे, सुरवंटाच्या अंगावर असतात तसे. यंत्र त्या काट्यांनाच श्वास समजून मोजायचं आणि भलतेच आकडे दाखवायचं: आत घ्यायला अर्धा सेकंद, मिनिटाला पस्तीस. पहिल्यांदा ते पाहून मी घाबरले. पण काट्यांच्या खालची मोठी टेकडी तशीच होती, बाराच्या लयीत, तेव्हा हा आजार नाही एवढं कळलं. काय आहे ते मात्र कळेना. आणि दीडच्या सुमाराला रेघ एकदम तुटायची. मास्क निघालेला असायचा. रात्रीचे तास सातावरून अडीच-तीनवर आले होते. भावाला फोनवर विचारलं, मास्क लावतोस ना, तर म्हणाला, रोजच लावतो.

एप्रिलच्या मध्यापासून मात्र तास पुन्हा भरायला लागले. आता दुपारी साडेतीन ते साडेपाच-सहा असा एक नवा तुकडा रोज दिसायला लागला. या यंत्राचा दिवस दुपारी बाराला सुरू होतो आणि दुसऱ्या दुपारी बाराला संपतो, त्यामुळे दुपार आणि रात्र एकाच दिवसात धरून बेरीज पाचापर्यंत जायची. मला बरं वाटलं. गाडी बंद आहे, घरी आहे, दुपारी झोपतोय बिचारा. दुपारचा श्वास मात्र वेगळा होता. मिनिटाला एकोणीस. आत घ्यायला एक पूर्णांक दोन, सोडायला एक पूर्णांक नऊ. मी स्वतःची समजूत घातली की दुपारची झोप हलकी असते, त्यात अमरावतीचा मे महिना. पायऱ्या मागणारी मी, इथे पायरी गाळून पुढे गेले. उत्तर हवं तसं येत होतं ना.

मेच्या शेवटच्या आठवड्यात भावाचा फोन आला. आवाजात उत्साह मावत नव्हता. डॉक्टरांची तारीख मिळाली होती, ठेकेदारानेही हो म्हटलं होतं. कागद मिळाला की दुसऱ्या दिवसापासून गाडी. बोलता बोलता मी म्हटलं, "दुपारची झोप चालू ठेव रे, तिचा फायदा होऊन राहिला."

"कोनाची दुपारची झोप?"

"तुझी. साडेतीन ते साडेपाच."

"ताई, उन्हात डोकं फिरलं काय तुहं? दुपारी मी गॅरेजात असतो. जेवलो की जातो, दिवे लागले की येतो. घरी बसून मले करमत नाई."

मी काहीतरी बोलून फोन ठेवला. मग लॅपटॉप उघडला आणि एप्रिलच्या मध्यापासूनच्या सगळ्या दुपारी एकाखाली एक लावल्या. चाळीस दुपारी. प्रत्येक दुपारी तोच श्वास, एक पूर्णांक दोन आणि एक पूर्णांक नऊ. शाळेत घरचा अभ्यास तपासताना वहीत मुलाऐवजी आईचं अक्षर आलं की मला पान उलटायच्या आधी कळायचं. तसंच झालं. त्या घरात माणसं दोनच आहेत. तो माझ्या वहिनीचा श्वास होता.

मला अशी काही चीड आली की सांगता सोय नाही. तिने तास भरायला स्वतः मास्क लावला होता, आणि भाऊ आपण बरे झालो समजून पुढच्या आठवड्यात पन्नास माणसं घेऊन निघणार होता. रात्री दीडनंतर त्याचा घसा पूर्वीसारखाच मिटत होता. आणि या वेळी वाटेत रिकामं वावर मिळेलच असं नव्हतं. पण चीड आली असतानाच मी पडद्यावरून नजर काढू शकत नव्हते. ज्या बाईला मी तीस वर्षं ओळखते, तिला मी तिचं नाव, चेहरा, आवाज यातलं काहीही नसताना, दोन आकड्यांवरून ओळखलं होतं.

दुसऱ्या दिवशी जेवून मी अमरावतीची बस धरली. लॅपटॉप मांडीवर. त्यांच्या घरी पोचले तेव्हा पावणेचार झाले होते. बाहेर चव्वेचाळीस तरी असेल. दार नुसतं लोटलेलं होतं. आत शिरले आणि पहिली गोष्ट जाणवली ती ही, की कूलर बंद होता. आमच्या वऱ्हाडात मे महिन्यात भरदुपारी कूलर बंद ठेवून कुणी झोपत नाही, वीज गेली असेल तरच. वीज तर होती. पंखा गरम हवा फिरवत होता आणि खाटेवर वहिनी झोपली होती, नाकावर मास्क, नळी खिडकीकडे गेलेली.

येताना बसमध्ये मी तिला काय काय बोलायचं ते सगळं जुळवून ठेवलं होतं. ते राहिलं. मी खुर्ची ओढून बसले. तिचा पदर वर यायचा, खाली जायचा. पहाटे उठून ही बाई फुलांचे हार ओवते, नऊपर्यंत शेकडो झेंडू तिच्या बोटांतून जातात. हातांना पिवळा रंग लागलेला होता. मी घड्याळ पाहिलं आणि मोजलं. एकोणीस. ज्या रेघेकडे मी महिनाभर टक लावून बघत होते, ती माझ्यासमोर एका जुन्या सुती साडीच्या पदरावर चालली होती. मला तिला उठववेना.

ती आपणच जागी झाली आणि मला पाहून ताडकन उठून बसली. मास्क काढता काढता केसांत अडकला.

"ताई! तुमी कवा आल्या?"

"काहून वं असं केलं?" मी विचारलं.

तिने कानावर हात ठेवले नाहीत की बहाणा केला नाही. मास्क मांडीवर घेऊन फडक्याने पुसत बसली. मग म्हणाली, "तुमचे भाऊ रात्री काढून फेकते ताई. मी पुन्हा लावते, थे पुन्हा काढते. झोपेतच. सकाळी त्याईले काई आठवत नाई. अस्पतालातून फोन आला का तास कमी पडून राहिले. म्या सांगितलं नाई त्याईले. गाडी नाई तं मानसाचा जीवच लागत नाई घरात. गॅरेजात जाते अन् दुसऱ्याच्या गाड्या पुसते. म्या म्हटलं, मशीनले तास पाह्यजे, हवा तं सारखीच आहे. मशीनले काय समजते कोन आहे थे."

"समजते," मी म्हटलं. "अन् कूलर काहून बंद?"

"कूलर चालू असला का फाटक वाजलेलं आयकू येत नाई. थे मधातच आले तं?"

चव्वेचाळीस अंशांत, कान फाटकाकडे लावून, ती रोज दोन तास माझ्या भावाच्या वाटचे श्वास घेत होती. कूलर बंद होता म्हणूनच दुपारच्या रेघेवर काटे नव्हते. आणि हे मनात येताच माझं लक्ष त्या रेघेवरून यंत्राकडे गेलं. यंत्र खिडकीत होतं, कूलरच्या अगदी तोंडाशी, आणि नळी कूलरच्या जाळीसमोरून आडवी गेली होती.

"हे इथं कोनं ठेवलं?"

"म्याच. कूलर लावला तवापासून. रातभर चालते मशीन, गरम नाई होत का थे? म्हटलं त्यालेबी थंडी हवा लागू द्या."

मी कपाळावर हात मारून घेतला. आमच्याकडे उन्हाळ्यात फुलांचा ढीग, मडकं, आजारी माणूस, जे जे जपायचं ते कूलरसमोर न्यायचं. तिने यंत्रही जपलं. रात्री यंत्रातल्या पाण्यावरून कोमट दमट हवा निघायची, नळीवर कूलरचा ओला गार झोत पडायचा आणि आतल्या आत पाणी साचायचं. "गुडगुड वाजते नं रात्री," ती म्हणाली. "अन् मंग नाकावर थेंब पडते." झोपेत नाकावर थेंब पडला तर कुणीही मास्क भिरकावील. रेघेवरचे ते काटे म्हणजे नळीतलं पाणी होतं. ते मार्चअखेरीस उगवले होते, आणि कूलरही तेव्हाच लागला होता. इतके दिवस मी अकोल्यात, स्वतःच्या कूलरसमोर बसून, त्या काट्यांचं कोडं सोडवत होते.

भाऊ दिवेलागणीला आला. मला पाहून खूश झाला, मग आमचे चेहरे पाहून दारातच थबकला. वहिनी आत जायला लागली, मी तिला हाताला धरून बसवलं. लॅपटॉप उघडला आणि त्याला आधी त्याची मार्चमधली रात्र दाखवली. त्याने स्वतःचा श्वास कधी पाहिला नव्हता. खुर्ची पुढे ओढून तो बघायला लागला. आत घ्यायचा कुठला, सोडायचा कुठला, मधेच ही रेघ का हलली, हे का, ते का. दोन मिनिटांत त्याचा स्वतःचाच श्वास त्या रेघेबरोबर चालायला लागला, आणि ते त्याच्या लक्षातही आलं नाही.

मग मी एक दुपार उघडली.

"हा कोनाचा?" तो लगेच म्हणाला. त्याला शिकवावं लागलं नाही. "हा माहा नाई."

त्याने पडद्याकडे पाहिलं, मग मास्ककडे, मग वहिनीकडे. तो ओरडेल म्हणून मी तयारीत होते. घरात त्याचा आवाज चढतो, आमच्या सगळ्यांचाच चढतो. पण तो पुन्हा पडद्याकडे वळला आणि खूप वेळ बघत राहिला.

"इतका लहान आहे हिचा श्वास?" तो म्हणाला.

मी त्याला सुरुवात दाखवली. मास्क लावल्यावर पहिला अर्धा तास रेघ अडखळत होती. श्वास धरलेला, मधेच आवंढा, पुन्हा धरलेला. ती फाटकाचा कानोसा घेत होती. आणि मग चाळीसाव्या मिनिटाला सगळं सरळ झालं होतं, ओळीने, एकसारखं, तासभर.

"इथं झोपली ती," मी म्हटलं.

"मी कायची झोपते," वहिनी म्हणाली. "पडून असते नुसती."

"झोपली होतीस. हे पाह्य."

ती वाकून बघायला लागली. तीस वर्षं तिने रात्री त्याचं घोरणं ऐकलं होतं, आणि घोरणं थांबलं की त्याला कोपर मारून हलवलं होतं. रोज रात्री, कितीदा ते तिलाही माहीत नाही. आम्ही चहाच्या वेळी नक्कल करून हसायचो तेव्हा ती कधी हसत नव्हती, हे मला तिथे उभ्या उभ्या आठवलं आणि माझी मान खाली गेली.

"तीस वर्सं झाले," भाऊ म्हणाला. "हिच्या श्वासाचा आवाज म्या कधी आयकलाच नाई. मी आंधी झोपतो."

त्याने खिशातून फोन काढला आणि ठेकेदाराला लावला. म्हणाला, मी पुढच्या आठवड्यात येत नाही, दुसरा ड्रायव्हर राहू द्या. तिकडून काहीतरी विचारलं असावं. "मी बरा झालो नाई अजून," हा म्हणाला. "झालो का सांगतो." वहिनी रडायला लागली. तिला वाटलं आपण त्याची गाडी घालवली. तो तिच्याशेजारी खाटेवर बसला आणि काय बोलावं ते न कळून नळी गुंडाळत राहिला.

डॉक्टरांकडे तो स्वतःच बोलला. यातले दुपारचे श्वास बायकोचे आहेत, ते वजा करा. डॉक्टरांनी आलेख उघडून पाहिले. मग त्यांनी आणखी दोन महिने दिले. मी शेजारी बसले होते. एरवी मी डॉक्टरांना चार शब्द ऐकवल्याशिवाय उठत नाही, त्या दिवशी गप्प उठले.

यंत्र खिडकीतून काढून पलंगाच्या दुसऱ्या अंगाला, खाली ठेवलं. नळीला वहिनीने जुन्या साडीची लांब बाही शिवली. पहिल्याच रात्री रेघ पावणेसात तास चालली, एकही काटा नाही. त्यानंतरचं प्रत्येक कार्ड मी तपासलं, दुपारची पाटी कोरी आहे ना तेही पाहिलं. पोळ्याच्या आठवड्यात डॉक्टरांनी सही केली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तो वलगावच्या रस्त्यावर होता. ज्या बाईचा डबा सांडला होता तिने चढताना त्याला विचारलं म्हणे, झोपला होतास का रे नीट, आणि तो म्हणाला, पाच हजार श्वास घेऊन आलो.

कार्ड आता दोन महिन्यांतून एकदा येतं. मी ते उघडते तेव्हा अजूनही आधी हात मांडीवर ठेवून बसते. मागे एकदा भावाला फोनवर म्हटलं की तुझं सगळं मला दिसतं, वहिनीची झोप कशी आहे ते मात्र काही कळत नाही, तिचं कुठे कार्ड आहे?

तो आवाज बारीक करून बोलला, म्हणजे ती घरातच असावी. "गाडीसाठी साडेचारले उठतो नं मी. थे पाचले उठते, हारासाठी. मंधात अर्धा घंटा असते. मी घड्याय घेऊन बसतो बाजूले."

"मग? किती?"

"कवा सोळा, कवा पंधरा. तिले सांगजो नोको, नाई तं जागीच राहीन." मग म्हणाला, "पन खरं सांगू का ताई, मोजता मोजता आयकतच राह्यतो मी. आकडा चुकते."

मी म्हटलं, चुकू दे.